एका कुंडीच्या तीन नळ्या: तुरीच्या मर रोगावरचा डेटा आणि दोनदा घ्यावं लागलेलं प्रशिक्षण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका कृषी संशोधन संस्थेत तुरीच्या मर रोगावर काम चालतं. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. बाहेरून शिकवायला गेलेल्या चमूत मी होतो, त्यामुळे हे लिखाण तटस्थ असल्याचा दावा नाही.

मर म्हणजे फ्युजेरियम उडम ही जमिनीतली बुरशी. मुळांतून आत शिरते, पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि फुलोऱ्यात आलेलं झाड उभ्याउभ्या वाळतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. रोगशास्त्र विभागातल्या एका सहयोगी प्राध्यापिकेचा (त्यांना इथे मॅडमच म्हणू) प्रश्न सरळ होता: बुरशी शिरल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रतिकारक वाणाच्या मुळांत कुठली जनुकं जास्त काम करू लागतात आणि बळी पडणाऱ्या वाणात कुठली करत नाहीत?

या प्रश्नासाठी आज आरएनए-सीक हाताशी आहे. मुळांतला आरएनए काढायचा, त्याचं सिक्वेन्सिंग करून घ्यायचं, आलेले कोट्यवधी छोटे तुकडे (रीड्स) तुरीच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर) बसवायचे आणि कुठल्या जनुकावर किती बसले ते मोजायचं. जीनोमचा नकाशाही आहे. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ‘आशा’ या वाणाचा मसुदा जीनोम २०१२ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत छापून आला. सुमारे ८३३ दशलक्ष बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जीनोमपैकी जवळपास ६०६ दशलक्ष त्यात जुळवलेले होते आणि जनुकांचा अंदाज ४८,६८० होता. हा शेवटचा आकडा पुढे कामाला येणार आहे.

प्रकल्पात पैसे होते. तीन कोटेशनं मागवली, सर्वांत कमी दराचं मंजूर झालं, आरएनए ड्राय आइसमध्ये रवाना झाला. काही आठवड्यांनी एक हार्ड डिस्क आली आणि सोबत रंगीत पीडीएफ रिपोर्ट, हीटमॅप (जनुकांचं कमी-जास्त काम रंगांत दाखवणारा तक्ता) आणि दोन हजारांहून जास्त ‘महत्त्वाच्या’ जनुकांची एक्सेल यादी. त्यावर शोधनिबंध लिहून पाठवला. रिव्ह्यूअरने तीन गोष्टी विचारल्या. जैविक रेप्लिकेट (स्वतंत्रपणे वाढवलेल्या रोपांचे वेगवेगळे नमुने) किती? जनुकांची संदर्भ यादी कुठली आणि कुठल्या आवृत्तीची? पी-मूल्यांना (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) अनेक चाचण्यांची दुरुस्ती लावली का?

विभागात कुणालाच उत्तर देता येईना. सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या व्हेंडरकडे फोन केला तर विश्लेषण करणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. मग संचालकांच्या बैठकीत ठरलं की आपल्या लोकांना बायोइन्फर्मॅटिक्सचं (जैविक डेटाच्या संगणकी विश्लेषणाचं) प्रशिक्षण द्यायचं.

अडचण

पहिलं प्रशिक्षण आमच्या आधीचं, पाच दिवसांचं. पहिल्या दिवशी उद्घाटन, एनसीबीआय या अमेरिकी संस्थेचे जनुकीय डेटाबेस आणि ब्लास्ट हे अनुक्रम जुळवून शोधणारं टूल. दुसऱ्या दिवशी लिनक्स, तिसऱ्या दिवशी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा, चौथ्या दिवशी आरएनए-सीक ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत’, पाचव्या दिवशी प्रोटीन डॉकिंग (प्रोटीनवर दुसरा रेणू कसा बसतो याचा संगणकी अंदाज) आणि समारोप. डॉकिंग तिथे का होतं? शिकवायला आलेल्यांपैकी एकाला ते येत होतं म्हणून. तुरीच्या मुळांशी त्याचा काही संबंध नव्हता.

तीसेक जण बसले. लिनक्सचा अर्धा दिवस सॉफ्टवेअर टाकण्यात गेला, कारण कॉम्प्युटर लॅबमधल्या यंत्रांना ४ जीबी रॅम होती आणि निम्म्यांचे स्वतःचे लॅपटॉप विंडोजचे. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. जवळजवळ सगळ्यांनी ‘उत्कृष्ट’वर खूण केली.

तीन-चार महिन्यांनी संस्थेने पुन्हा विचारणा केली, ती आमच्याकडे. आम्ही आधी एकच प्रश्न सगळ्यांना पाठवला: त्या प्रशिक्षणानंतर तुम्ही स्वतःच्या डेटावर काय चालवलंत? एका विद्यार्थ्याने काही ब्लास्ट केले होते, पण ते त्याला आधीपासूनच येत होतं. बाकी शून्य. मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी म्हणाली, “चौथ्या दिवशी सरांनी जे टाईप केलं तेच मी केलं, आणि चाललं. माझ्या फाइलवर केलं तर एरर आली. मग कुणाला विचारायचं ते कळलं नाही.”

शेवटच्या दिवशीचा अभिप्राय आणि चार महिन्यांनंतरचं उत्तर यांतली ही तफावत या क्षेत्रात नेहमीची आहे. समारोपाच्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर जेवण, शिकवणाऱ्यांचा स्वभाव आणि प्रमाणपत्र मिळाल्याचा आनंद, सगळंच उतरतं.

आणखी एक गोष्ट पहिल्या प्रशिक्षणाच्या उपस्थितांच्या यादीवर नजर टाकताच दिसत होती. बसलेले बहुतेक सगळे विद्यार्थी आणि प्रकल्प सहायक होते. प्रयोग आखणारे, कोटेशन मंजूर करणारे आणि शोधनिबंधावर शेवटची सही करणारे गाईड उद्घाटनाला आले आणि चहानंतर गेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय संस्थेला सर्वांत सोयीचा होता: हेच प्रशिक्षण लांबवून २१ दिवसांचं करणं. कृषी विद्यापीठांत २१ दिवसांच्या हिवाळी-उन्हाळी शाळांची जुनी पद्धत आहे आणि ते प्रमाणपत्र पदोन्नतीत उपयोगी पडतं. पण पाच दिवसांत जे टिकलं नाही ते सलग एकवीस दिवस बसवून टिकेल असं मानायला आमच्याकडे काही आधार नव्हता. आपला डेटा समोर नसेल तर महिनाभरात सगळं विसरलं जातं.

दुसरा, एक बायोइन्फर्मॅटिक्सवाला नेमायचा. पुणे विद्यापीठातलं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७ पासून आहे आणि तिथून व इतर ठिकाणांहून शिकलेली मुलं भरपूर. पण प्रकल्पावरच्या पगारात विदर्भातल्या गावी कितीजण येतील, आले तर किती दिवस राहतील? व्हेंडरकडचा मुलगा सोडून गेला म्हणून अडचण आली होती. इथलाही सोडून गेला असता.

तिसरा, विश्लेषण व्हेंडरकडेच ठेवायचं आणि लोकांना फक्त रिपोर्ट वाचायला, प्रश्न विचारायला शिकवायचं. ऐकायला हा हार मानल्यासारखा वाटतो. माझ्या मते बहुतेक संस्थांसाठी हाच सर्वांत व्यवहार्य आहे.

चौथा, दर आठवड्याला थोडं थोडं, प्रत्येकाच्या स्वतःच्या डेटावर.

शेवटी तिसरा आणि चौथा यांची मोट बांधली. सगळ्यांना ‘वाचणं’ शिकवायचं आणि निवडक सहा-सात जणांना ‘करणं’. दर शनिवारी दुपारी तीन तास, सुमारे अडीच महिने. मधल्या दिवसांत अडलेल्यांसाठी व्हॉट्सॲप गट, पण एक अट घालून: एररचा फोटो टाकायचा नाही, मजकूर चिकटवायचा, आणि कुठल्या फाइलवर काय चालवलं तेही लिहायचं. एवढ्या एका अटीने निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटले.

संस्थेने इथे एक गोष्ट मान्य केली नाही. असल्या सुट्या शनिवारांना पदोन्नतीसाठी धरलं जाणारं प्रमाणपत्र देता येणार नाही, असं प्रशासनाने कळवलं. त्याचे परिणाम पुढे दिसले.

सुरुवात: गॅलक्सी, आणि चार-पाच टक्क्यांचा घोळ

पहिल्या शनिवारांसाठी आम्ही गॅलक्सी निवडलं. हे ब्राउझरमधून चालणारं मोफत व्यासपीठ आहे. लॅपटॉप कसाही असो, काम दूरच्या सर्व्हरवर होतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या युरोपीय सर्व्हरकडे आधी अर्ज केला तर प्रशिक्षणासाठी वेगळी रांग राखून देतात, म्हणजे वीस जणांनी एकदम बटण दाबलं तरी खोळंबा होत नाही. शिवाय प्रत्येक पायरीची नोंद, टूलची आवृत्ती आणि निवडलेले पर्याय ‘हिस्टरी’त राहतात. रिव्ह्यूअरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आयतं मिळतं.

काही जण कुरकुरले. “कमांड लाइन शिकवा, हे तर बटणं दाबणं झालं.” ही तक्रार आम्ही कानाआड केली. ज्यांना पुढे गरज पडली ते तीन जण नंतर लिनक्सवर आले.

पूर्ण फाइली गावच्या इंटरनेटवरून चढवणं अशक्य होतं. वर्गासाठी प्रत्येक नमुन्यातले यादृच्छिक एक लाख रीड्स वेगळे काढले. फाइलीच्या सुरुवातीचे तोडून घेतले नाहीत, कारण ते सिक्वेन्सरमधल्या फ्लो-सेल या काचपट्टीच्या एका कडेचे असतात आणि त्यांची गुणवत्ता बाकीच्यांसारखी असेलच असं नाही. पूर्ण फाइली एका विद्यार्थ्याने प्रशासकीय इमारतीतल्या लीज्ड लाइनवरून रात्री चढवल्या.

दुसऱ्या शनिवारी विद्यार्थिनीने स्वतःच्या नमुन्यांवर काम सुरू केलं. रीड्सची गुणवत्ता चांगली. हायसॅट-२ ने जीनोमवर बसवले, नव्वद टक्क्यांच्या आसपास बसले. मग फीचरकाउंट्सने जनुकांवर मोजले, आणि मोजणीत धरले गेलेले रीड्स चार-पाच टक्के! तिचा चेहरा पडला. डेटाच खराब आहे, व्हेंडरने फसवलं, असं तिने जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

आम्ही तिला उत्तर दिलं नाही, एक प्रश्न दिला: जीनोमवर बसलेले रीड्स जनुकांवर का मोजले जात नसतील? दोन कारणं तिने स्वतः काढली. एक, जनुकांची यादी आणि जीनोम यांतली क्रोमोसोमची नावं जुळत नसतील. तपासलं, जुळत होती. दुसरं काढायला वेळ लागला. आजकालच्या बऱ्याच लायब्ररी किटमध्ये (आरएनए सिक्वेन्सिंगसाठी तयार करायच्या संचांत) आरएनए डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आला त्याची खूण जपली जाते, आणि प्रचलित डीयूटीपी पद्धतीत रीड उलट्या दिशेने येतो. मोजणाऱ्या टूलला हे सांगावं लागतं: दिशाहीन, सरळ की उलट. तिने ‘सरळ’ निवडलं होतं, कारण तो शब्द निरुपद्रवी वाटला. दिशा ओळखून सांगणारं इन्फर एक्सपेरिमेंट नावाचं छोटं टूल गॅलक्सीतच आहे. ते चालवल्यावर ‘उलट’ असल्याचं दिसलं. पर्याय बदलला आणि बहुतेक रीड्स मोजणीत आले.

यातलं धोक्याचं ठिकाण वेगळंच आहे. टूलने एररही दिली नव्हती, इशाराही नाही. चार टक्क्यांवरसुद्धा पुढचं डीसेक-२ (जनुकांतला फरक तपासणारं टूल) चाललं असतं, हीटमॅप रंगीत आला असता आणि यादीही निघाली असती.

तिची यादी व्हेंडरच्या यादीशी ताडून बघायला गेलो तर एकही नाव जुळेना. व्हेंडरने २०१२ च्या मसुद्यातले ‘सी.कॅजन’ने सुरू होणारे क्रमांक वापरले होते, तिने एनसीबीआयच्या यादीतले ‘लॉक’ने सुरू होणारे. जनुकं तीच, नावं दोन. पीडीएफमध्ये याचा कुठे उल्लेख नव्हता.

गाईडांची दुपार

विद्यार्थी प्रगती करत होते, पण चौथ्या आठवड्याच्या आसपास आम्हाला एक गोष्ट खटकू लागली. नमुन्यांची माहिती विचारली की उत्तर यायचं, “सरांना विचारावं लागेल.” मग आम्ही फक्त गाईडांसाठी अर्ध्या दिवसाचं सत्र मागितलं. विद्यार्थी नकोत, संगणकही नको.

विद्यार्थ्यांना बाहेर ठेवण्यावरून आमच्यातच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की हा उघड भेदभाव आहे, आणि जे काही निघेल ते विद्यार्थ्यांच्याच थिसिसचं असणार. दुसरीकडे, विद्यार्थ्यांसमोर कुठलाही विभागप्रमुख स्वतःच्या आखणीतली फट दाखवणार नाही, हेही तितकंच खरं. आम्ही दुसरी बाजू धरली. एका विद्यार्थ्याने नंतर स्पष्ट शब्दांत नाराजी सांगितली, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

सत्रासाठी मोठे कागद आणि स्केचपेन दिले. प्रत्येकाने आपल्या सिक्वेन्सिंगच्या प्रयोगाचा लेआउट काढायचा, शेतातल्या आरबीडीचा (गटागटांत यादृच्छिक वाटलेल्या प्लॉटच्या आखणीचा) काढतात तसा. खाली तक्ता: नळी क्रमांक, वाण, ट्रीटमेंट, कुंडी क्रमांक, आरएनए काढल्याची तारीख, कुणी काढला, कुठल्या खेपेत पाठवला.

शेतकी संशोधकांना यादृच्छिकीकरण आणि रेप्लिकेशन शिकवण्याची गरज नाही. संख्याशास्त्राचं हे अंगच शेतातून आलं. फिशर १९१९ मध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि तिथल्या शेतांच्या नोंदींतून प्रयोग-आखणीचं शास्त्र उभं राहिलं. समोर बसलेल्यांपैकी प्रत्येकाने शेकडो प्लॉट आखले होते, ‘सीडी’ (फरक खरा मानायची किमान मर्यादा) काढली होती, एरर डिग्री ऑफ फ्रीडम (चूक मोजायला उरणारी स्वतंत्र मापं) तोंडपाठ. तरीही आरएनए नळीत गेला की तो ‘लॅबचा रिपोर्ट’ व्हायचा आणि हे सगळं ज्ञान शेताच्या बांधावरच राहायचं.

मॅडम तक्ता भरता भरता कुंडी क्रमांकाच्या रकान्यावर थांबल्या. बुरशी टोचलेल्या तिन्ही नळ्यांपुढे एकच कुंडी. नियंत्रणाच्या (न टोचलेल्या) तिन्ही नळ्यांपुढे दुसरी एकच. एका कुंडीतल्या रोपांची मुळं एकत्र वाटून, आरएनए काढून, तो तीन नळ्यांत भागला होता. शेजारी बसलेले पैदासकार सर त्यांच्या कागदाकडे बघून म्हणाले, “मॅडम, हे एकाच प्लॉटचं धान्य तीनदा तोलल्यासारखं झालं की. एररला डिग्री ऑफ फ्रीडम शून्य.”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनीच पुढचं सांगितलं: टोचलेल्यांचा आरएनए एका आठवड्यात काढला, नियंत्रणाचा पुढच्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या खेपेत गेले. म्हणजे दिसलेला फरक बुरशीचा की खेपेचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नव्हतं.

नमुन्यांचा तक्ता आमच्याकडे आदल्या दिवशीच आला होता आणि आम्हाला हे दिसलं होतं. मॅडमना आधी फोन करून सांगायचं की रकान्यांवर सोपवायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. रकान्यांवर सोपवलं. आजही मला वाटतं की ते ठीक झालं. पण ते ठीक ठरलं ते मॅडमच्या स्वभावामुळे. दुसरं कुणी असतं तर त्या दुपारनंतर प्रशिक्षणच बंद पडलं असतं.

त्याच सत्रात पी-मूल्यांचा हिशेब फळ्यावर केला. जनुकं ४८,६८०. सगळी तपासली आणि एकातही खरा फरक नसला, तरी ०.०५ च्या उंबरठ्यावर निव्वळ योगायोगाने सुमारे २,४३४ जनुकं ‘महत्त्वाची’ निघतील. व्हेंडरची यादी दोन हजारांच्या पुढची होती, आणि तिच्यातला रकाना दुरुस्ती न केलेल्या पी-मूल्यांचा होता. अनेक चाचण्यांसाठीची बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती १९९५ पासून उपलब्ध आहे. त्याच एक्सेलमध्ये दोन रकाने पलीकडे ती केलेलीही होती, फक्त गाळणी चुकीच्या रकान्यावर लावली होती.

थिसिसचा पेच

विद्यार्थिनीची मुदत संपायला वर्षाहून कमी काळ उरला होता. आता काय?

‘तीन रेप्लिकेट’ असं लिहून गप्प बसता आलं असतं. असं लिहिलेलं कितीतरी छापून येतं, आणि ‘जैविक’ हा शब्द गाळला तर तांत्रिकदृष्ट्या खोटंही ठरत नाही. मॅडमनी तो मार्ग पहिल्याच मिनिटाला बंद केला. सिक्वेन्सिंग पुन्हा करायला पैसे नव्हते; प्रकल्पाचा निधी ३१ मार्चला परत गेला होता.

उरला मधला रस्ता. आहे तो डेटा फक्त चाचपणीसाठी वापरायचा: त्यातून आणि आधीच्या प्रकाशित कामातून डझनभर जनुकं निवडायची, नवा कुंडी प्रयोग लावायचा आणि ती जनुकं क्यूपीसीआर या एकेक जनुक मोजण्याच्या पद्धतीने मोजायची. या वेळी प्रत्येक ट्रीटमेंटला चार स्वतंत्र कुंड्या, प्रत्येकीचा आरएनए वेगळा, आणि काढण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, म्हणजे प्रत्येक तारखेला दोन्ही ट्रीटमेंटच्या नळ्या. तुलनेसाठी स्थिर धरायची संदर्भ जनुकं एकाऐवजी दोन.

दरम्यान विद्यार्थिनीने एका चॅटबॉटकडून जुन्या डेटासाठी डीसेक-२ ची स्क्रिप्ट लिहून घेतली. स्क्रिप्ट स्वच्छ होती, पहिल्या फटक्यात चालली आणि तीन नळ्या तीन स्वतंत्र रेप्लिकेट धरून तिने शेकडो जनुकं काढून दिली. कुंडी एकच होती हे चॅटबॉटला कुणी सांगितलंच नव्हतं. विद्यार्थिनीने ती यादी गटावर टाकली आणि खाली स्वतःच लिहिलं, “ही वापरायची नाही ना?”

बियाणे कंपनीचे दोघे

जालन्याकडच्या एका बियाणे कंपनीचे दोन ब्रीडर या वर्गात होते. त्यांची गोष्ट थोडक्यात. कंपनीच्या वाणांचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला परवानगी नव्हती, आणि ते योग्यच. मग वर्गात सार्वजनिक डेटा आणि त्यांच्या ऑफिसातल्या लिनक्स यंत्रावर कोंडा या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने बसवलेली तीच टूल्स, अशी सोय केली.

त्यांचा फायदा एकाच ठिकाणी झाला, पण चोख. त्यांच्या काही कास्प मार्करच्या (वाणांतला एका बेसचा फरक ओळखणाऱ्या) चाचण्या सतत फसत होत्या. जनुकीय फरकांच्या व्हीसीएफ फाइलीत जागा १ पासून मोजतात, जीनोमवरचे भाग नोंदवणाऱ्या बेड फाइलीत ० पासून. मार्करची यादी एकीतून दुसरीत नेताना एका बेसने सरकली होती. कास्पच्या प्रायमरचं शेवटचं टोक बरोबर त्या बदलणाऱ्या बेसवर यावं लागतं, ते शेजारच्या बेसवर पडत होतं.

निष्पत्ती

नव्या कुंडी प्रयोगात निवडलेल्या डझनभरापैकी निम्म्याहून थोड्या जास्त जनुकांत अपेक्षित दिशेने फरक दिसला. काहींत काहीच नाही, एकात उलट. शोधनिबंधाचं शीर्षक आणि दावा दोन्ही खाली आणले, आधीपेक्षा लहान जर्नलमध्ये तो स्वीकारला गेला. कच्चा डेटा नमुन्यांच्या खऱ्या वर्णनासह फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा केला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची ओळख संस्थेत या निमित्ताने झाली. थिसिस वेळेत गेला.

प्रशिक्षणाचा निकाल तपासायला आम्ही फॉर्म भरून घेतले नाहीत. काही महिन्यांनी ‘करणाऱ्या’ गटाला मुद्दाम बिघडवलेला छोटा डेटा दिला आणि यात काय बिघडलंय ते शोधा म्हटलं. त्यात उलटी दिशा, दुरुस्ती नसलेली पी-मूल्यं आणि दोन नमुन्यांची अदलाबदललेली नावं पेरली होती. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांनी पकडल्या. नावांची अदलाबदल दोघांनाच सापडली. नमुन्यांतलं साम्य दाखवणाऱ्या पीसीए आलेखात दोन ठिपके भलत्याच घोळक्यात बसलेले दिसत होते, पण इतरांनी आलेख काढून पुढे सरकवला, त्याच्याकडे बघितलं नाही. मला हा निकाल वाईट वाटत नाही, पण पुरेसाही नाही.

गळतीही झाली. प्रमाणपत्र पदोन्नतीत धरलं जाणार नाही हे कळल्यावर तीन-चार प्राध्यापकांनी शनिवार सोडले. त्यांना दोष देता येत नाही. नियम जिथे दिवस मोजतात तिथे माणसंही दिवसच मोजणार.

वेगळं काय करता आलं असतं

गाईडांची दुपार पहिल्या आठवड्यात हवी होती. सुरुवातीच्या शनिवारांत विद्यार्थिनी ज्या डेटावर राबली त्याची मर्यादा एका कागदावर अर्ध्या तासात कळण्यासारखी होती. दिशेचा गोंधळ वगैरे शिकण्याचा फायदा झालाच, पण ते कुठल्याही सार्वजनिक डेटावर शिकता आलं असतं. आणि आदर्श म्हणायचं तर ती दुपार कुंड्या भरण्याआधीची हवी.

खरेदीच्या कागदांकडे आम्ही उशिरा वळलो. कमी दराचं कोटेशन स्वीकारण्याच्या पद्धतीत जे निविदेत लिहिलेलं नसतं ते मिळत नाही. आता संस्थेने निविदेला अर्ध्या पानाची पुरवणी जोडली आहे: कच्च्या फाइली आणि त्यांचे चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळणारे आकडे), लायब्ररी किटचं नाव, दिशा, संदर्भ जीनोम आणि जनुक यादीची आवृत्ती, वापरलेल्या प्रत्येक टूलची आवृत्ती आणि कमांड. हे मागितल्यावर दर वाढला नाही, असा अनुभव आहे.

प्रमाणपत्राबाबत पर्याय असू शकला असता: शनिवारांची बेरीज आणि सुटीतला एक सलग आठवडा मिळून मान्यताप्राप्त कालावधी भरवणं. त्यासाठी विद्यापीठाच्या पातळीवर वर्षभर आधी प्रस्ताव लागतो. लिनक्स यंत्राची देखभाल कुणाच्या नावावर, हा प्रश्न अजून तसाच आहे. सध्या ती विद्यार्थिनीच बघते, आणि ती आता नोकरीच्या शोधात आहे.

मॅडमच्या पुढच्या प्रकल्पाचा लेआउट या वेळी पेरणीआधी आमच्याकडे आला. दोन वाण, टोचलेलं आणि न टोचलेलं, नमुने घेण्याचे चार टप्पे, प्रत्येकी तीन कुंड्या, म्हणजे ४८ नळ्या. २०१६ मध्ये यीस्टच्या दोन स्थितींचे प्रत्येकी ४८ रेप्लिकेट घेऊन झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की तीन रेप्लिकेटवर बहुतेक टूल्सना बदललेल्या जनुकांपैकी २० ते ४० टक्केच सापडतात. त्या अभ्यासाची शिफारस किमान सहाची होती. ७२ नळ्यांचे पैसे आहेत, असं मॅडम म्हणाल्या, पण चार टप्पे आणि सहा रेप्लिकेट धरले तर ९६ होतात. पैदासकार सरांचं मत पडलं की सर्वांत शेवटचा टप्पा गाळावा, कारण तोपर्यंत बळी पडणाऱ्या वाणाची मुळं कुजायला लागलेली असतात आणि मोजलं जाणारं बरंचसं बुरशीचंच असेल. तीन टप्पे, सहा कुंड्या, ७२ नळ्या असं ठरलं. सगळ्या एकाच खेपेत पाठवायच्या, हे मॅडमनी ऑर्डरवर स्वतःच्या हाताने लिहिलं.